टाचेतले चार थेंब

गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्वाच्या तिसऱ्या दिवशी, उत्तम आर्जवाच्या दिवशी, आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी एक आजी येऊन उभ्या राहिल्या. उपवासाने चेहरा उतरलेला, हातात जपमाळ. म्हणाल्या, "बाई, एवढ्याशा जिवाचं किती वेळा रक्त काढायचं? सकाळपासून तीनदा टाच टोचली. काल जन्मलं लेकरू, आज त्याला सुया. हिंसा नव्हे का ही?"

त्या वेळी टेबलावर नमुने खोळंबले होते. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितले आणि त्याही संकोचाने परत गेल्या. पण प्रश्न मनातून जाईना. तो विचारणारी व्यक्ती सूक्ष्म जीवाचीही विराधना होऊ नये म्हणून पाणी गाळून पिणारी होती. तिला घाईचे उत्तर देणे बरे नव्हे. त्या दिवशी राहून गेलेले उत्तर आज लिहीत आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

आजींची लेक पहिलटकरीण, सातव्या महिन्यातले डोहाळजेवण आटोपून माहेरी आलेली. पर्वाच्या पहिल्या दिवशी तिने एकाशन केले. डोके दोन दिवसांपासून दुखत होते. घरातल्यांनी ते 'पित्ता'वर घातले. पायांवर सूज होती, ती गर्भारपणी असतेच असे शेजारणीने सांगितले. रात्री चौविहार, त्यामुळे पाणीही नाही. पहाटे छातीच्या खाली, उजव्या बरगडीशी कळ येऊ लागली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तेव्हा तिला दवाखान्यात नेले. रक्तदाब १७०/११२ आणि लघवीत भरपूर प्रथिने. ३४ आठवडे पूर्ण झाले होते. त्याच दिवशी संध्याकाळी शस्त्रक्रिया करून मुलगी जन्माला आली, वजन १५०० ग्रॅम. त्या आठवड्यांच्या मानाने ते बरेच कमी.

या आजाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. गर्भधारणेच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो आणि सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, प्लेटलेट यांपैकी कशावर तरी परिणाम दिसतो. पुढची पायरी म्हणजे एक्लॅम्प्सिया, झटके. जगात शंभर गर्भवतींपैकी साधारण २ ते ८ जणींना हा आजार होतो. उपवासाने तो होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या लेकीनेही एकाशनाचा दोष स्वतःकडे घेऊ नये. घोटाळा वेगळ्या ठिकाणी झाला. डोकेदुखी आणि पोटाच्या वरच्या भागातली कळ ही या आजाराची धोक्याची लक्षणे, आणि उपवासाच्या दिवसांत नेमकी हीच लक्षणे 'पित्त' म्हणून बाजूला सारली जातात. मौल्यवान दोन दिवस तिथे गेले.

आजाराचे मूळ वारेत आहे. गर्भधारणेच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या भिंतीतील वळणावळणाच्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात, म्हणजे वारेला रक्ताचा पुरवठा सैल हाताने होतो. काही जणींत त्या अरुंदच राहतात. आपल्या भागातल्या वाचकांना हे उसाच्या शेतावरून समजेल: पाट अरुंद राहिला की शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचत नाही. उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात काही द्रव्ये सोडते. त्यांतील एक प्रथिन रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी ठेवणाऱ्या घटकांना बांधून टाकते. बोस्टनमध्ये भारतीय वंशाचे डॉ. एस. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे दाखवून दिले, तेव्हापासून या आजाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आईच्या अंगभर रक्तवाहिन्या आखडतात, आणि वारेपलीकडचे बाळ आठवडेच्या आठवडे कमी प्राणवायूवर, कमी अन्नावर दिवस काढते. वार बाहेर पडल्याखेरीज आजार हटत नाही. म्हणून अशी बाळे पुष्कळदा वेळेआधी या जगात येतात.

आईचा रक्तदाब आपल्याला यंत्रावर दिसतो. बाळाने काय सोसले, याची नोंद मात्र त्याच्या रक्तात असते.

आता रक्त किती काढले, हा आजींचा मूळ मुद्दा. नवजात बाळाच्या शरीरात वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ८० ते ९० मिलिलीटर रक्त असते. म्हणजे या मुलीच्या अंगात सगळे मिळून एकशेवीस ते एकशेपस्तीस मिलिलीटर, चहाचा एक कप. प्रौढ माणसाच्या नळीत आपण सहज पाच मिलिलीटर घेतो; तेवढेच इथे चार-पाच वेळा घेतले तर त्या कपाचा पाचवा-सहावा हिस्सा संपेल. आजींची काळजी भाबडी नव्हती, हे मी कबूल करते. म्हणूनच नवजात शिशुकक्षात टाचेतून थेंब घेतात, बोटाच्या पेराएवढ्या नळ्या वापरतात, आणि एका नमुन्यात जितक्या तपासण्या बसतील तितक्या बसवतात. साखरेला तर एक थेंब पुरतो.

साखरेची तपासणी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा होते. पूर्ण दिवस भरलेले, नीट वाढलेले बाळ यकृतात साखरेचा साठा आणि कातडीखाली थोडी चरबी घेऊन येते. नाळ कापली की आईकडून येणारी साखर तत्क्षणी थांबते, आणि दूध येईपर्यंतचे तास ते या शिदोरीवर काढते. अरुंद पाटाच्या टोकाला वाढलेल्या बाळाजवळ शिदोरीच नसते. त्यात मेंदू मात्र शरीराच्या मानाने मोठा, आणि त्याला साखर अखंड हवी. आईला रक्तदाबासाठी लॅबेटॅलॉल दिलेले असेल तर बाळाची साखर आणखी उतरू शकते. कमी साखरेचे बाळ कधी थरथरते, कधी मलूल पडते, दूध ओढत नाही. पण पुष्कळदा काहीच दाखवत नाही. शांत निजलेले दिसते. म्हणून जन्मानंतर दोन तासांनी, मग सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर अशा ठरलेल्या तासांना पाहावे लागते. आकडा ४० मिलिग्रॅमच्या खाली असला तर मध्ये जादा तपासण्याही होतात. या मुलीची पहिली साखर ३१ होती. शिरेतून दहा टक्क्यांचे ग्लुकोज सुरू झाले, सोबत आईचा चीक नळीने थोडाथोडा. सकाळपासूनच्या तीन टोचण्यांपैकी दोन एवढ्यासाठीच होत्या.

तिसरी टोचणी तांबड्या पेशींसाठी. प्राणवायू कमी पडला की गर्भातले बाळही त्यावर तोड काढते: तांबड्या पेशी बनवण्याचा हुकूम देणारे संप्रेरक वाढते आणि रक्त दाट होत जाते. उंच डोंगरावर राहणाऱ्या माणसांत होते तेच. रिपोर्टात हा दाटपणा पी. सी. व्ही. या नावाने लिहितात. शिरेतल्या रक्तात तो ६५ टक्क्यांवर गेला तर रक्त काकवीसारखे जड वाहू लागण्याचा धोका असतो. दाट रक्तातल्या पेशी साखरही जास्त खातात, आणि पुढे त्या पेशी फुटू लागल्या की कावीळ वाढते. म्हणजे एक आकडा दुसऱ्या दोघांना खेचतो. टाचेतल्या रक्तात या मुलीचा आकडा ७१ आला. आम्ही शिरेतून पुन्हा पाहिला, तेव्हा ६६ निघाला.

या ठिकाणी थोडे थांबते, कारण "पुन्हा का काढता?" याचे उत्तर बहुतेक घरांना कोणी देत नाही. टाचेतले रक्त, विशेषतः पाय गार असेल तर, शिरेतल्या रक्तापेक्षा दाट भरते. टाच जोराने दाबली तर पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. नमुन्यात बारीकशी गुठळी झाली तर प्लेटलेट त्यात अडकतात आणि यंत्र त्या कमी मोजते. साखरेचा नमुना तासभर नळीत पडून राहिला तर नळीतल्या पेशीच ती साखर खातात. अशा प्रत्येक वेळी दोन वाटा असतात: चुकीच्या आकड्यावर उपचार करणे, किंवा बाळाला आणखी एकदा टोचणे. ७१ या आकड्यावर विसंबून कदाचित बाळाचे थोडे रक्त काढून त्या जागी सलाईन भरण्याचा विचार झाला असता. ६६ वर, आणि बाळ गुलाबी, नीट श्वास घेणारे असल्यामुळे, नुसते लक्ष ठेवणे पुरले. ती एक जादा सुई स्वस्त पडली असे मला वाटते. अर्थात टाच आधी कोमट कपड्याने शेकून, न दाबता, पहिल्याच वेळी नमुना नीट घेणे ही आमच्या बाजूची जबाबदारी. तिथे कुचराई झाली तर आजींचा आक्षेप शंभर टक्के खरा.

पांढऱ्या पेशींची कहाणी थोडी विलक्षण आहे. जंतूंशी झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी या बाळांत कमी असतात. कोनिग आणि क्रिस्टेन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८९ मध्ये रक्तदाब असलेल्या मातांची बाळे तपासली, तेव्हा जवळजवळ निम्म्या बाळांत ही कमतरता आढळली. पुढे त्यांनीच दाखवले की वारेतून निघणारे एक द्रव्य बाळाच्या अस्थिमज्जेत या पेशींची निर्मिती दाबून धरते. नाळ तुटली की दाब सुटतो. बहुधा तीन दिवसांत संख्या आपोआप वर येते. अडचण अशी की रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या बाळातही याच पेशी कमी होतात. नुसत्या आकड्यावरून दोन्ही वेगळे ओळखू येत नाहीत, आणि वाट पाहत बसणे धोक्याचे, म्हणून डॉक्टर काही वेळा जंतूंची तपासणी लावून प्रतिजैविके सुरू करतात आणि अहवाल स्वच्छ आला की थांबवतात. या मुलीच्या न्यूट्रोफिल ९०० होत्या. चौथ्या दिवशी २६०० झाल्या.

प्लेटलेट मात्र नातेवाइकांना सर्वाधिक घाबरवतात, कारण डेंग्यूमुळे हा शब्द घरोघरी पोचला आहे. दीड लाखाच्या खाली त्या कमी समजतात. प्री-एक्लॅम्प्सियाच्या बाळांत त्या जन्मतः थोड्या कमी असतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी आणखी उतरतात, आणि साधारण दहाव्या दिवसापर्यंत सावरतात. हा उतार ठाऊक नसेल तर दुसऱ्या दिवशीचा कागद पाहून घरात रडारड होते. मुलीच्या प्लेटलेट पहिल्या दिवशी ८४ हजार होत्या, तिसऱ्या दिवशी ६२ हजार. त्या दिवशी तिचे वडील रक्तदाते गोळा करायला निघाले होते. त्यांना थांबवावे लागले. रक्तस्राव नाही आणि आकडा फार खाली नाही, तोवर अशा बाळाला बाहेरून प्लेटलेट देत नाहीत.

एक आकडा असा असतो की त्याचे कारण आजार नव्हे, उपचार असतो. आईला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. हे औषध फार जुने आणि फार स्वस्त. ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या 'मॅग्पाय' चाचणीने २००२ मध्ये सिद्ध केले की त्याने झटक्यांचा धोका निम्म्याने घटतो. आपल्याकडे उपकेंद्रातील परिचारिकेलाही त्याचा पहिला डोस टोचून रुग्णाला पुढे पाठवण्याची मुभा आहे. हे मॅग्नेशियम वार ओलांडून बाळात जाते. मग बाळ जरा ढिले वाटते, रडणे क्षीण, पहिली शी उशिरा, क्वचित श्वासही मंद. नवजात मूत्रपिंडे ते सावकाश बाहेर टाकतात. दोन-तीन दिवसांत बाळ हातपाय झाडू लागते. त्याबरोबर कॅल्शियमवरही नजर ठेवतात, कारण वेळेआधी जन्मलेल्या बाळात ते पहिल्या दोन दिवसांत उतरते. "बाळ रडतच नाही" म्हणून आजी धास्तावल्या होत्या, ते बरेचसे या मॅग्नेशियममुळे. लेकीचे प्राण राखणाऱ्या औषधाची ती सावली होती.

यूरिक ॲसिड आईत वाढते तसे नाळेतल्या रक्तातही वाढलेले सापडते. क्रिएटिनिनचा आकडा तर गमतीचा आहे: पहिल्या दिवशी बाळाच्या रिपोर्टात जे क्रिएटिनिन दिसते ते बाळाचे नव्हेच, आईचे असते. ते पाहून बाळाच्या मूत्रपिंडांविषयी निष्कर्ष काढू नये.

आता घरातल्या दोन-तीन गोष्टी.

आपल्या घरांत मध वर्ज्य, त्यामुळे नवजात बाळाला मध चाटवण्याची चाल आपल्याकडे नाही, हे फार चांगले. मधातून बाळाला होऊ शकणारा एक घातक आजार त्याने टळतो. पण मधाच्या जागी साखरपाणी किंवा गुळाचे पाणी येते. "साखर कमी आहे ना, मग साखरपाणी देऊ" हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. तो खरा नाही. साखरपाण्याने पोट भरते, बाळ ओढत नाही, आणि चिकातली चरबी, प्रथिने व जंतूंपासून रक्षण करणारी द्रव्ये, जी न्यूट्रोफिल कमी असलेल्या बाळाला विशेष हवीत, ती हुकतात. पहिला चीक पिळून टाकू नये. रक्तदाबाची नेहमीची औषधे किंवा मॅग्नेशियम चालू असतानाही आईचे दूध देता येते. बाळ पेटीत असेल तर पिळून वाटी-चमच्याने किंवा नळीने. रात्रीही दर दोन-तीन तासांनी. रात्रिभोजनत्यागाचा नियम तान्ह्याला नसतो हे सांगायला नको, पण ओल्या बाळंतिणीने रात्री पाणी प्यावे का, असे मला खरोखर विचारले गेले आहे. प्यावे. सोळाकारण भावनांत तपाच्या आधी 'शक्तितः' हा शब्द आचार्यांनी काही कारणानेच ठेवला असेल.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. ज्यांच्या आहारात ते कमी असते अशा गर्भवतींना रोज दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम द्यावे, त्याने या आजाराचा धोका घटतो, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. काही गोळ्या शिंपल्यांच्या कॅल्शियमपासून बनतात. ज्यांना त्या चालत नाहीत त्यांनी औषध टाळू नये, दुकानदाराला खनिज चुनखडीपासून बनलेली गोळी मागावी, ती मिळते. ज्यांना धोका अधिक, म्हणजे आधीच्या खेपेस हा आजार झालेल्या, मधुमेही, जुना रक्तदाब असलेल्या, अशांना डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून रोज थोडे ॲस्पिरिन देतात. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने लवकर होणारा आजार निम्म्याहून अधिक टळतो, हे २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले. मीठ बंद करून मात्र तो टळत नाही. अळणी जेवण हे व्रत म्हणून वेगळे, उपचार म्हणून निरुपयोगी.

आणि बी-१२. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. त्यांत सुमारे दोनतृतीयांश मातांत हे जीवनसत्त्व कमी निघाले. प्री-एक्लॅम्प्सियाचे ते कारण म्हणून मी सांगत नाही. पण बाळ बी-१२ चा साठा आईकडूनच आणते, आणि तो अपुरा असला तर काही महिन्यांनी पुन्हा याच पेशी, तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट, उतरू शकतात. दूध-दह्याखेरीज आपल्या आहारात ते जवळजवळ नाही. औषधातले बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, प्राण्याच्या मांसातून नव्हे. कॅप्सूलच्या जिलेटीनची शंका असेल तर साधी गोळी घ्यावी.

बाळ पेटीत असले की सगळे घर पेटीपाशी असते आणि आई खाटेवर एकटी. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी तिचा रक्तदाब पुन्हा उसळू शकतो, झटके तेव्हाही येऊ शकतात. त्या दिवसांत डोके दुखले तर ते जागरणाने दुखते असे म्हणू नये, आधी दाब मोजावा. पुढच्या आयुष्यात अशा स्त्रीला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. तिचा हा कागद जपून ठेवावा, आणि चाळिशीत कोणत्याही डॉक्टरांकडे गेली तरी "मला गर्भारपणी दाब झाला होता" हे तिने सांगावे.

अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी आजी पुन्हा खिडकीपाशी आल्या. पारणे झाले होते. हातात मुलीचा अकराव्या दिवसाचा नमुना, टाचेतलाच, इवल्याशा नळीत. "ह्या वेळी पाय शेकून घेतला," त्या म्हणाल्या, "मी स्वतः धरला होता." अर्ध्या तासाने आकडा आला: प्लेटलेट १ लाख ६४ हजार. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग विचारले, "आणि हिच्या आईचा दाब कुठं मोजून घ्यायचा?"